थेंबाएवढं घर, वीस गेजचा पत्रा

एसटीत खिडकीची जागा मिळाली की आपण सगळे काय करतो? बाहेर बघतो. पुढच्या वेळी कल्याण किंवा खोपट डेपोत उभे असाल ना, तर जरा गाडीकडे बघा. जुन्या बांधणीची एखादी लाल गाडी दिसली, तर तिच्या अंगावर नखाएवढ्या टिकल्यांच्या रांगाच रांगा दिसतील. त्या टिकल्या म्हणजे रिव्हेट. वर्कशॉपमध्ये कुणी रिव्हेट म्हणत नाही, सगळे रिबिट म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. आतल्या सांगाड्यावर पत्रा धरून ठेवायचं काम ही रिबिटं करतात. याच गाडीतून आपण गावाला गेलो, घाटात उलट्या केल्या, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. पण हा पत्रा लागतो कसा, हे कधी कुणाला विचारलं? मी तरी नव्हतं विचारलं. विचारायची वेळ आली ती एका भलत्याच वस्तूमुळे. तिचं नाव टिअरड्रॉप कॅम्पर.

टिअरड्रॉप म्हणजे गाडीच्या मागे जोडायचा छोटासा ट्रेलर. पुढून गोल, मागे उतरता, बाजूने बघितलं तर आडवा पडलेला पाण्याचा थेंब. आत डबल बेडएवढी गादी, आणि संपलं. उभं राहायची सोय नाही, फक्त बसायचं आणि आडवं व्हायचं. मागचं झाकण डिकीसारखं वर उचललं की तिथे ओटा, शेगडीची जागा, चहा-साखरेचे डबे. म्हणजे स्वयंपाक बाहेर उभं राहून आणि झोप आत. साधारण मापं चार फूट रुंद, आठ फूट लांब, चार फूट उंच. हे आकडे कुठून आले म्हणाल, तर प्लायवूड आठ बाय चारचं येतं, पत्राही आठ बाय चारचा मिळतो. म्हणून मग घरही आठ बाय चारचं! वन रूम किचनवाल्यांनी उगाच स्वतःला गरीब समजू नये.

हा फण्डा मूळचा अमेरिकेतला, १९३०च्या दशकातला. हॉली बोलस नावाच्या माणसाने १९२७ साली लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमान बांधायच्या कामावर देखरेख केली होती. त्यानेच १९३४ मध्ये विमानासारखा रिबिटं मारलेला, चकचकीत पत्र्याचा ‘रोड चीफ’ ट्रेलर काढला. १९३६ मध्ये वॉली बायमचा एअरस्ट्रीम ‘क्लिपर’ आला. ही श्रीमंतांची खेळणी होती. छोटे टिअरड्रॉप मात्र साध्या माणसाचे, गॅरेजमध्ये बांधायचे. महायुद्ध संपलं, विमानांसाठी लागणारं ॲल्युमिनियम बाजारात मोकळं झालं, आणि १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने घरच्या घरी टिअरड्रॉप बांधायचे नकाशेच छापले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ला, आपल्याकडे पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पहिली एसटी निघाली. त्या सुरुवातीच्या बेडफर्ड गाड्यांची बॉडी चक्क लाकडी होती आणि सीटमध्ये काथ्या. पत्रा आपल्याकडे नंतर आला.

आता डोंबिवलीत हे खूळ कुणाच्या डोक्यात शिरावं? माझ्या एका मित्राच्या. तो ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये, त्याची बायको ठाण्याला बँकेत. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, त्यात आई-बाबा, धाकटा भाऊ आणि हे दोघं. लग्नाला दोन वर्षं झालेली. आतली खोली या दोघांना दिलेली आहे, पण घरातलं एकुलतं एक गोदरेजचं कपाट त्याच खोलीत. त्यामुळे रात्री अकरापर्यंत दार उघडंच. आणि लावलंच, तर त्या दाराचा कर्रर्र आवाज सगळ्या घराला ऐकू जातो. घरात कुणीच वाईट नाही हो. सासूबाई तर इतक्या सांभाळून घेणाऱ्या, की दार लागलं की मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवतात. पण त्याचीच जास्त लाज वाटते!

टू बीएचकेचा ईएमआय दोघांनी मिळून मांडून बघितला आणि एक्सेल शीट बंद करून टाकलं. तेव्हा बायको म्हणाली, “मला आतून कडी लावता येईल अशी एक जागा हवी. कितीही लहान चालेल.” ऑफिसमध्ये लंच टाइमला याने कुठलासा व्हिडिओ बघितला होता. संध्याकाळी ट्रेनमध्ये त्याने तिला तो दाखवला. गाडी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरायच्या आत दोघांचं ठरलं होतं, असं तो सांगतो.

त्याच्या काकांचा डोंबिवली एमआयडीसीत एक लहानसा गाळा आहे. तिथे सात महिने, दर रविवारी काम. लोखंडी चौकट झाली, चाकं लागली, प्लायच्या दोन बाजू थेंबाच्या आकारात कापून उभ्या राहिल्या, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, छपरात थर्माकोल, वर पातळ प्लाय वाकवून. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा ते प्रकरण उलट्या ठेवलेल्या होडीसारखं दिसत होतं. सॉलिड! पण लाकडाचं. आणि कोकणपट्टीतला पाऊस चार महिने लाकडाचं काय करतो, हे इथल्या कुणाला सांगायला नको. प्लायचे थर एकमेकांना गोंदाने चिकटलेले असतात. कडेने पाणी आत गेलं की थर फुगतात, सुटतात, मग बुरशी. सात महिन्यांचे रविवार एका पावसाळ्यात संपले असते. त्यामुळे या सगळ्या घरातला सगळ्यात पातळ थरच सगळ्यात महत्त्वाचा होता. बाहेरचा पत्रा.

पत्रा ॲल्युमिनियमचाच का? वजन. वीस गेजचा पत्रा म्हणजे जाडी साधारण ०.९ मिलिमीटर. त्या जाडीचा आठ बाय चारचा ॲल्युमिनियमचा पत्रा भरतो सव्वासात किलो. तेवढाच लोखंडी पत्रा एकवीस किलोच्या वर. एक छोटी मोटार जे ओढणार, त्यात हा फरक जाणवतो. शिवाय ॲल्युमिनियमवर हवा लागताच स्वतःचाच एक पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. लोखंडाचा गंज सुटत जातो आणि आतलं लोखंड पुन्हा उघडं पडतं. इथे तसं होत नाही. दुकानात नुसतं “ॲल्युमिनियम द्या” म्हणायचं नसतं, हेही तेव्हा कळलं. ३००३ नावाचा मिश्रधातू वाकवायला सोपा, त्यात थोडं मँगनीज असतं. ५०५२मध्ये मॅग्नेशियम, तो जास्त कणखर आणि खाऱ्या हवेत टिकणारा, पण वाकवताना जोर लावावा लागतो. आपल्या शेजारी तळोज्याला हिंडाल्कोचा पत्रे लाटायचा कारखाना, आणि दोन-चार पत्रे घ्यायला मित्र गेला थेट मुंबईत कीका स्ट्रीटच्या धातूबाजारात. किरकोळीत घ्यायचं तर असंच असतं.

पत्रा आला, आणि टेन्शन सुरू झालं. लावायचा कसा?

ओळखीचा सुतार म्हणाला, सनमायकासारखा चिकटवून टाकू. दोन्हीकडे गोंद फासायचा, सुकू द्यायचा, दाबायचा, काम झालं. ऐकायला एकदम बरोबर. मित्राने नशिबाने आधी एका तुकड्यावर करून बघितलं. दोन फुटांचा प्लाय, त्यावर पत्रा चिकटवला आणि गाळ्याबाहेर उन्हात ठेवला. सकाळी आरसा होता. तीन-चार दिवसांनी त्यावर फुगे आले. टम्म फुगलेल्या पुरीसारखे. आणि संध्याकाळी ऊन गेलं तरी बसले नाहीत.

इथे कथेत मामांची एण्ट्री. बायकोचे सख्खे मामा, मुक्काम कल्याण, खडकपाडा. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभी हयात काढून निवृत्त झालेले. एसटीच्या बॉड्या बांधणाऱ्या अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. कंपनीकडून येते नुसती चेसिस, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालची चौकट. वरची अख्खी गाडी तिथे उभी राहते. मामांनी तो फुगलेला तुकडा हातात घेतला, त्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “जावईबापू, पत्रा चिकटवायचा नसतो. धरायचा असतो.”

म्हणजे काय? गणित सोपं आहे. ॲल्युमिनियम तापलं की वाढतं. आठ फुटांचा पत्रा थंडीच्या पहाटे वीस अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी उन्हात साठ अंशांवर, तर त्याची लांबी सव्वादोन मिलिमीटरने वाढते. खालचं प्लाय उन्हाने तेवढं वाढत नाही. सव्वादोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पत्रा सगळीकडून चिकटवून जखडला असेल तर ते सव्वादोन मिलिमीटर जाणार कुठे? वर. म्हणून फुगे. मामांचं म्हणणं, एसटीला एवढा मोठा अखंड पत्रा ते लावतच नसत. खांबा-खांबाच्या मापाचे तुकडे, आणि जोडावर पट्टी. इथे अखंडच लावायचा तर त्याला हलायला जागा ठेवा. मधे मोकळा, आणि धरायचा फक्त कडेने.

यावर बायको म्हणाली, “मामा, हे आमच्या घरी येऊन सांगा ना जरा!” मामा हसले, पण काही बोलले नाहीत. मोठ्या माणसांना कुठे गप्प बसायचं ते कळतं.

मग दोन रविवार आणि एक जोडून आलेली सुट्टी असा कार्यक्रम झाला. मला पत्रे पकडायला बोलावलं होतं. पत्रकार म्हणून नाही, हात कमी पडत होते म्हणून. पत्रकारितेच्या डिग्रीचा असाही उपयोग होतो.

पहिलं काम कागदाचं. प्लायच्या बाजूवर मोठा ब्राऊन पेपर लावून थेंबाचा आकार उतरवून घेतला, त्यावरून पत्र्यावर खूण केली, पण कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच जास्तच ठेवला. कमी कापलेला पत्रा वाढवता येत नाही, जास्त कापलेला घासून कमी करता येतो. खाली सतरंजी अंथरली, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पटकन पडतो. पत्र्यावर येतं ते पारदर्शक प्लास्टिक शेवटपर्यंत काढायचं नाही, असा मामांचा हुकूम. आणि हातमोजे. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते.

आधी दोन्ही बाजूंचे सपाट पत्रे लावले. दाराच्या आणि खिडकीच्या जागा पत्रा बसल्यावर कापल्या, म्हणजे मापं चुकायचा प्रश्न नाही. दाराची चौकट लागली की तीच पत्र्याला तिथे धरून ठेवते. मग छपराचा पत्रा, म्हणजे खरी कसरत. पुढच्या गोलाईवरून पत्रा वर न्यायचा आणि टपावर झोपवायचा. वीस गेजचा पत्रा मोठ्या गोलाईवर हाताने वाकतो, पण एका ठिकाणी जोर पडला की घडी पडते, आणि पत्र्याला पडलेली घडी जन्माची. तिघांनी मिळून खालून वर सरकत नेला, आणि सामान बांधायचे पट्टे आडवे टाकून हळूहळू आवळले. तसाच रात्रभर ठेवला.

टपावरून मागच्या झाकणाच्या बिजागरीपर्यंतचं अंतर आठ फुटांपेक्षा जास्त भरतं, त्यामुळे एक जोड अटळ होता. तो कुठे घ्यायचा, यावर मामांनी अर्धा तास घेतला. कौलं कशी असतात? वरचं कौल खालच्याच्या अंगावर, म्हणजे पाणी घसरून जातं. पण हे कौल रस्त्यावर धावणार, आणि धावताना वारा-पाऊस समोरून मारणार. तेव्हा पुढचा पत्रा मागच्याच्या अंगावर हवा. पुढच्या उतारावर जोड घेतला तर पाणी एक म्हणतं आणि वारा दुसरं. दोघांचं एकमत होतं ते फक्त टपाच्या सगळ्यात उंच जागेच्या मागे. तिथे पाणीही मागे वाहतं आणि वाराही मागेच जातो. जोड तिथे घेतला. एक इंच पत्र्यावर पत्रा, मधे ब्यूटाइलची पट्टी, आणि वरून रिबिटांची एक ओळ.

रिबिट मारणं हा मात्र भन्नाट प्रकार आहे! विमानात पक्की रिबिटं मारतात तेव्हा दोन माणसं लागतात, एक बाहेरून ठोकणारा आणि एक आतून जड ठोकळा दाबून धरणारा. आम्ही मारली ती पॉप रिबिटं. भोक पाडायचं, रिबिट घालायचं, पक्कडीसारख्या गनने तिची खिळ्यासारखी दांडी ओढायची. आतलं टोक फुगतं आणि दांडी तुटते. टक्! एकटा माणूस, एकाच बाजूने. मी बावीस मारली. मामांनी त्यातली तीन ड्रिलने काढून पुन्हा मारली, तेही न बोलता.

शेवटी कडा. बाजूचा पत्रा आणि छपराचा पत्रा जिथे भेटतात, तिथे पूर्ण गोलाईभर ॲल्युमिनियमची अँगलपट्टी. पट्टीखाली पुन्हा तीच काळी ब्यूटाइलची पट्टी. ती च्युइंगमसारखी असते आणि वर्षानुवर्षं मऊच राहते, म्हणून पत्रा हलला तरी फट पडत नाही. दर दोन-अडीच इंचांवर एक स्क्रू. आणि इथेच मामांची खरी युक्ती. स्क्रू चार मिलिमीटरचा, पण पत्र्याला पाडलेलं भोक सहाचं. पट्टीमुळे ते झाकलं जातं, आणि आत पत्र्याला दोन्हीकडे एक-एक मिलिमीटर सरकायला मिळतं. कामाची वेळसुद्धा त्यांनीच ठरवली. पहाटेच्या गारव्यात नाही, भर उन्हातही नाही. सकाळी नऊ-दहाला पत्रा मधल्या तापमानाला असतो, मग तो दोन्ही बाजूंना सारखाच हलतो.

स्क्रूवरून थोडं भांडण झालं. मित्राने आणलेले स्क्रू पिवळसर मुलाम्याचे, स्वस्त. मामांनी पाकीट बाजूला ठेवलं आणि स्टेनलेस स्टीलचे आणायला पाठवलं. कारण असं, की दोन वेगळे धातू ओले असताना एकमेकांना चिकटून राहिले, की त्यांच्यात छोटीशी बॅटरी तयार होते आणि दोघांतला एक धातू झिजत जातो. स्टेनलेसचा स्क्रू बारीक आणि ॲल्युमिनियमचा पत्रा मोठा, त्यामुळे झीज नाममात्र. साध्या लोखंडी स्क्रूचा मुलामा गेला की तो स्वतःच गंजतो आणि भोकातून पाणी आत. पितळेचे किंवा तांब्याचे तर नकोच. आणि जिथे पत्रा खालच्या लोखंडी चौकटीला टेकतो, तिथे मधे रंगाचा थर आणि पट्टी. आमच्या डोंबिवलीत हे जास्तच पाळायला हवं. ज्या गावात २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तिथल्या हवेत काय असतं यावर धातूने का विश्वास ठेवावा?

सिलिकॉनचंही तसंच. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो तो सिलिकॉन धातूवर नको, त्यातून आम्ल सुटतं. आई नाही का सांगत, आंबट वरण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नकोस म्हणून? तेच कारण.

काम करता करता मी मामांना विचारलं, ॲल्युमिनियम एवढं चांगलं, तर एसटीने का सोडलं? कारण २०१७-१८च्या सुमारास एसटीने जुन्या चेसिसवरच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या उतरवून माइल्ड स्टीलच्या बांधायला सुरुवात केली. मामा म्हणाले, “अपघात झाला ना, की पत्रा कागदासारखा चुरगळायचा. आत माणसं असतात.” बस. एसटीत पन्नास माणसं बसतात, म्हणून तिथे वजन परवडतं, चुरगळणं नाही. या ट्रेलरमध्ये गाडी चालू असताना कुणीच बसत नाही, बसायचंच नाही. म्हणून इथे ॲल्युमिनियम बरोबर. धातू तोच, काम वेगळं.

आणि मग परीक्षा. पाण्याची. एकाने आत बसायचं आणि बाहेरून पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारायचं. आत सगळीकडे वर्तमानपत्र लावलेलं, म्हणजे थेंब पडला की डाग दिसतो. आत कोण बसणार? बायको म्हणाली, मी. टॉर्च घेऊन आत गेली आणि आतून कडी लावली. नवी कडी, तिचा आवाज झालाच नाही. मित्राने टपावर, जोडावर, दाराच्या कडांवर पाणी मारलं. पंधरा मिनिटांनी नळ बंद केला. दार उघडलं नाही. त्याने दारावर टकटक केलं, तर आतून, “थांब जरा.” आम्ही बाहेर ओल्या चपला घालून उभे. मामांनी चहा मागवला. चहा येऊन प्यायला जाईपर्यंत ती आतच होती. मग कडी निघाली, ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, “कोरडं आहे.”

आता तुम्ही विचाराल, मग ही जोडी लोणावळ्याला गेली की कोकणात? कुठेच नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८च्या, ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. इंजिन नसलं तरी. म्हणजे नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही, आणि घरी बांधलेल्या वस्तूला नोंदणी मिळवणं म्हणजे काही रविवारचं काम नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण म्हणून आपल्या गाळ्यात बांधलेल्या ट्रेलरला आपोआप एमएच-०५ची पाटी मिळत नाही. मित्राला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कागदपत्रांचं तो बघतोय. तोवर हा ट्रेलर मोठ्या टेम्पोत बसून मुरबाडच्या बाजूला, सासऱ्यांच्या जागेत गेला. ट्रेलर टेम्पोत बसून गेला, हे वाक्य लिहितानाही मला हसू येतंय.

तिथे आंब्याच्या झाडापासून जरा लांब, मुद्दाम मोकळ्यावर तो उभा आहे. कैऱ्या पत्र्यावर पडू नयेत म्हणून. महिन्यातून दोन वीकेण्ड दोघं जातात. शनिवारी कल्याणहून एसटीने, रविवारी रात्री परत, सोमवारी पुन्हा तीच ट्रेन. पहिला पावसाळा निघाला. जूनमध्ये छपरावर पाऊस असा वाजायचा की एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही, असं ती सांगते. तक्रारीच्या सुरात नाही सांगत. सासूबाईंनी तिथल्या खिडकीला स्वतः पडदे शिवून दिलेत, जाड कापडाचे.

करून बघायचंय?

लोखंड विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन या. ठाण्याचं एमएच-०४, कल्याणचं एमएच-०५. बांधून झाल्यावर विचारण्यापेक्षा नकाशा घेऊन विचारलेलं बरं.

पत्रा चिकटवायचा मोह झाला, तर आधी दोन फुटांचा तुकडा करा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. उत्तर मिळेल.

पत्र्याचं भोक स्क्रूपेक्षा मोठं, आणि प्रत्येक पट्टीखाली ब्यूटाइल. दुसऱ्या दिवशी बाहेर आलेलं ब्यूटाइल प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने कापून काढा, चाकूने नको.

हवा खेळती ठेवा. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, ती वाफ सकाळी आतून थेंब होऊन जमते. बाहेरून पाऊस अडवला आणि आतून भिजलं, असं नको. आत शेगडी तर कधीच पेटवू नका, ओटा बाहेर आहे तो त्यासाठीच.

दर वर्षी मे महिन्यात सगळ्या कडांवरून एकदा हात फिरवा. पांढरी पूड लागली किंवा स्क्रू सैल लागला, तर पावसाच्या आत तेवढीच पट्टी काढून नवं ब्यूटाइल घाला.

आणि ओळखीत कुणी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेलं असेल, तर त्यांना आधी फोन करा. ते घरी कंटाळलेलेच असतात. फक्त एक करा, ते तुमची रिबिटं काढून पुन्हा मारायला लागले की मधे बोलू नका.